रिव्हॉल्व्हर ठेवा, पण हलवू नका

मला जुन्या हत्यारांचा नाद आहे, हे फुलसावंगीत आता बहुतेकांना माहीत झालंय. त्यामुळे वर्षातून तीन-चारदा व्हॉट्सॲपवर फोटो येतो. सतरंजीवर ठेवलेलं एखादं गंजकं रिव्हॉल्व्हर आणि खाली मेसेज, "पाय बरं भाऊ, किती जुनं असंन? किती येतीन याचे?" उत्तर देईपर्यंत बराच वेळ टायपिंग दिसत राहतं आणि मग खरा प्रश्न येतो: "पोलिसाचं लफडं तर नाही ना?"

हा प्रश्न विचारावा लागतो, यावरच माझा आक्षेप आहे.

आमच्या जिल्ह्याची दक्षिणेची हद्द म्हणजे पैनगंगा. अलीकडे वऱ्हाड, जे निजामाने १८५३ साली इंग्रजांच्या हवाली केलं. पलीकडे सप्टेंबर १९४८पर्यंत खुद्द निजामाचं राज्य. दोन सरकारांच्या मधल्या अशा मुलखात रझाकारांच्या काळातल्या गोष्टी घरोघरी निघतात आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींत कुठेतरी बंदूक असते. आजोबा सांगून गेले, नातवाने अर्धवट ऐकलं, आणि पेटीच्या तळाशी वस्तू तेवढी उरली. ती काय आहे हे कळायला गोष्ट पुरत नाही. लोखंड वाचावं लागतं.

आणि लोखंड वाचता येतं. सिलिंडरच्या मागच्या बाजूला प्रत्येक खोबणीला छोटी बोंडी दिसली, म्हणजे त्यावर टोपी बसवून ठिणगी पाडायची सोय असली, तर ते काडतुसाच्या आधीचं. घोड्याच्या पुढे सिलिंडरवरून जाणारी लोखंडी पट्टीच नाही, वरून उघडंच आहे, नळी आठ कोनी आणि एका पाचरीने अडकवलेली, सहा बार, सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचं कोरीव काम, तर तो कोल्टचा १८५१चा नेव्ही नमुना किंवा त्याची नक्कल. कोल्टने लंडनमध्येही काही वर्षं कारखाना चालवला होता. तिथल्या मालावर नळीला लंडनचा पत्ता आणि ब्रिटिश तपासणीचे ठसे असतात. याउलट चौकट आणि नळी एकाच तुकड्यातून घडवलेली, बार पाच, आणि वेगळा घोडा न ओढता नुसता चाप दाबून चालणारं, तर इंग्रज ॲडम्सची जात. १८५७च्या धामधुमीत कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला हेही होतं. बिजागरीवर मधूनच मोडून उघडतं ते बहुधा वेब्ली, आणि सरकारी वेब्लीची मालिका १८८७च्या मार्क वनपासून सुरू होते. लंबगोलात 'ई एल जी' ही रोमन अक्षरं दिसली तर माल बेल्जियममधल्या लिएजचा. बाणाच्या खुणेखाली रोमन 'आय' असेल तर ते हिंदुस्थान सरकारच्या मालकीचं होतं.

नंबर एकाच ठिकाणी पाहून थांबायचं नाही. कोल्टच्या चौकटीवर, नळीवर, चापाच्या कडीवर, मुठीच्या बुडाशी, सगळीकडे तोच नंबर हवा. वेगळे निघाले तर दोन-तीन हत्यारांची गोधडी शिवलेली आहे. अक्षरं वेडीवाकडी, रोमन 'एन' उलटा, स्पेलिंग चुकलेलं, तर ते सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणच्या कारागिराचं काम. (तेही जमवण्यासारखं असतं, फक्त इंग्रजी म्हणून विकू नये.) आणि कृपा करून चिंच, पितांबरी, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका. ठसा एकदा घासला गेला की हत्यार मुकं झालं.

हे न पाहता खरेदी करणारे आमचे शौकीन मित्र मात्र गोष्ट विकत घेतात. जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याने माझ्यासमोर एकाला 'पेशवेकालीन रिव्हॉल्व्हर' दाखवलं होतं. पेशवाई १८१८ला बुडाली. कोल्टचं पहिलं पेटंट १८३५चं, इंग्लंडमधलं. म्हणजे बाजीरावांना ते मिळालंच असतं तर ब्रह्मावर्तात पेन्शन खाताना. गिऱ्हाईक मात्र डोळे भरून पाहत होतं. इंस्टाग्रामवर तर याहून मोठ्या थापा रोज खपतात. शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करायला १९७२च्या पुरावस्तू कायद्याने परवाना लागतो आणि अशी वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवताच येत नाही, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

पण थापाड्या विक्रेत्यांना माणूस ओळखू तरी शकतो. कायद्याचं काय करायचं?

१९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ने जुन्या हत्याराला सूट दिली आहे, पण कशाला? जे दुरुस्त करूनही चालणार नाही त्याला. म्हणजे ज्या घराने वस्तू तेल लावून, फडक्यात गुंडाळून नीट जपली, ते घर अडचणीत. ज्याने ती सडू दिली तो सुटला. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षांची कैद आहे. एवढं ऐकल्यावर माणूस काय करेल?

माझ्या ओळखीच्या एका काकांनी जे केलं तेच. त्यांनी पाठवलेल्या फोटोत पाच बारांचं, अखंड चौकटीचं रिव्हॉल्व्हर होतं. मी ठशांचे जवळून फोटो मागितले. चार दिवसांनी फोन केला तर म्हणाले, "कायले पाहिजे बापू डोक्याले ताप? ग्राइंडरनं कापलं अन् भंगारात देल्लं." त्यांना मी काय बोलणार? कायद्याच्या नजरेत ते त्या दिवशी निर्दोष झाले होते.

फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्राने नियम बदलले. 'क्युरिओ' या वर्गातली छोटी हत्यारं घ्यायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना नको. चांगलंच आहे. पण पुढची ओळ वाचा: वापरायला, सोबत न्यायला आणि हलवायला परवाना हवाच. आता सांगा, माझ्या गावातल्या माणसाने आपली वस्तू क्युरिओ आहे हे ठरवून घ्यायचं कसं? जाणकाराला दाखवायला न्यावी तर वाटेत गुन्हा. न न्यावी तर ती क्युरिओ आहे असं म्हणणार कोण? तो स्वतः? ठाण्यात जाऊन?

अमेरिकेत १८९८पर्यंत बनलेलं हत्यार केंद्रीय कायद्याने पुरातन. इंग्लंडने २०२१मध्ये १ सप्टेंबर १९३९च्या आधीचं उत्पादन ही अट घातली आणि कोणती काडतुसं कालबाह्य याची यादीच छापली. त्यांचं सगळं उचला असं मी म्हणत नाही. अमेरिकेकडून बंदुकीबाबत शिकायला नको, हे मलाही मान्य आहे. पण तारीख आणि यादी असली की खेड्यातला माणूसही स्वतःची वस्तू ताडून पाहू शकतो.

यावर हमखास येणारं उत्तर: सूट दिली तर गुंडांचं फावेल. वेब्लीबद्दल ही भीती खरी आहे. काडतूस मिळालं तर शंभर वर्षांचं वेब्लीही उडू शकतं, त्याला परवाना हवाच. पण दारू वेगळी, शिसं वेगळं, टोपी वेगळी असं एकेक खोबणीत भरावं लागणारं १८५१चं यंत्र आणि वेब्ली यांतला फरक सरकारला करायचा असेल, तर आधी कोणीतरी ते हातात घेऊन ओळखायला हवं. नेमकी तीच वाट बंद आहे.

गांधीजींच्या खुनातल्या बेरेटाचा नंबर ६०६८२४ हा आज कोणालाही सापडतो, कारण तो खटल्याच्या कागदांत लिहिला गेला. आमच्याकडे हत्याराचा नंबर टिपायला आधी रक्त सांडावं लागतं. ज्या पेट्यांतून काहीच घडलं नाही, त्यांची कुठेच नोंद नाही.

नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे. तिथला एक जाणकार, पोलिसांचा एक शस्त्रतज्ज्ञ, एक कॅमेरा आणि एक जीप. तहसील कचेरीत बसून लोकांना बोलवायचं नाही, घरी जायचं. फोटो काढायचे, नंबर टिपायचा, उडू शकतं की नाही ते लिहायचं, आणि त्या दिवशी स्वतःहून पेटी उघडणाऱ्यावर गुन्हा नोंदवायचा नाही. महिन्याला एक तालुका धरा. यवतमाळ जिल्ह्यात तालुके १६ आहेत. महागावपासून सुरुवात केली तर माझ्या मोबाइलमध्ये सध्या दोन फोटो आहेत, आणि दोन्ही पेट्या अजून शाबूत आहेत.