मुंबईच्या सफरीचा हिशोब

दिवाळीची सुट्टी दोन महिन्यांवर आली आहे आणि आमच्या घरात मुंबईची तयारी सुरू झाली आहे. लातूरहून मुंबई म्हणजे एका रात्रीचा प्रवास. रात्री गाडीत बसलं की सकाळी सीएसएमटी. तरीही आमच्या दोन्ही मुलांनी मुंबई आजवर फक्त टीव्हीवर पाहिली. दरवर्षी आम्ही 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणायचो आणि दरवर्षी कुणाचं तरी लग्न निघायचं, नाहीतर घराचे पत्रे गळायचे.

यंदा बेगमने भिशीचे ३० हजार रुपये समोर ठेवले आणि सांगितलं, "यात बसवा. उसनवारी करायची नाही आणि परत आल्यावर महिनाभर डाळ खायची नाही." अट रास्त होती. सफर ही चांगली गोष्ट आहे, पण कर्ज काढून केलेली सफर म्हणजे इसराफच.

मग सगळे करतात तेच आम्हीही केलं. शाळेतल्या सहकाऱ्यांना विचारलं आणि कागदावर १४ ठिकाणांची यादी झाली. तीन दिवसांत १४ ठिकाणं! यादीखाली खर्च मांडला तेव्हा लक्षात आलं की मुंबईत पाहण्याला फारसा पैसा लागत नाही. मरीन ड्राइव्हला तिकीट नाही, गेटवेला नाही, हाजी अलीच्या दर्ग्याला नाही. पैसा जातो तो राहण्यात आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला टॅक्सीने धावण्यात. आमच्या ३० हजारांतले जवळजवळ निम्मे खोलीतच जात होते. तेही चौघांच्या हिशोबाने.

घरात आम्ही पाच जण आहोत. पाचव्या आमच्या अम्मी. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून त्या तीन दिवस उदगीरला धाकट्या भावाकडे राहतील, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. अम्मींनीही हसून सांगितलं, "जाव बेटा, बच्च्यांको दिखाव. मैं क्या करूं वहाँ आके." आम्हाला ते सोयीचं होतं, म्हणून आम्ही ते खरं मानलं.

लेक नववीत आहे. तिने यादी वाचली आणि विचारलं, "अब्बा, शाळेची सहल ठरवताना तुम्ही वर्गातल्या सगळ्यांना विचारता. इथं दादीला कुणी विचारलं?"

बीएडच्या अभ्यासक्रमात पाठाचं नियोजन शिकवतात, पण स्वतःच्या घराचं नियोजन लेकीने शिकवावं लागलं. त्या रात्री जेवण झाल्यावर दस्तरखानवरच मशवरा बसला. नियम एकच: प्रत्येकाने एकच ठिकाण सांगायचं, पण का पाहायचं तेही सांगायचं.

धाकट्याने राणीच्या बागेतले पेंग्विन सांगितले. लेकीने छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मागितलं. पहिल्या महायुद्धात त्या इमारतीत लष्करी इस्पितळ होतं आणि लोकांसाठी संग्रहालय १९२२ मध्ये खुलं झालं, हे तिने वाचलेलं होतं. बेगमला मंगळदास मार्केट हवं होतं. लेकीच्या दहेजाचं नव्हे, ईदच्या कपड्यांचं कापड बघायला, असं तिने आवर्जून सांगितलं. आम्ही सीएसएमटीसमोरची अंजुमन-ए-इस्लामची इमारत म्हणालो. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी १८७४ मध्ये लावलेलं ते रोप आम्ही शिक्षक असून अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

मग सगळे अम्मींकडे वळलो. बराच वेळ त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "मेरेकू कुछ नको देखना. बस वो दर्या दिखाव, जहाँ से अब्बा गए."

१९६८ सालची गोष्ट. अम्मी तेव्हा ११ वर्षांच्या. नाना हजला निघाले, जहाजाने. त्या काळी मुंबई बंदरातून जिद्दाला जहाजं जात. १९९५ नंतर तो समुद्रमार्ग बंद झाला. नानांना निरोप द्यायला सगळं घर मुंबईला गेलं होतं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम. अम्मींच्या मुंबईत एवढंच आहे: मुसाफिरखान्यातली गर्दी, धक्क्यावरची गर्दी आणि जहाजावरून हलणारा एक हात. तो हात नानांचाच होता की दुसऱ्या कुणाचा, हे त्यांना आजही नक्की सांगता येत नाही. नाना परत आले नाहीत. तिकडेच त्यांचा इंतेकाल झाला आणि तिकडेच दफन झाले.

नाना मक्केत वारले हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. त्यांना सोडायला अम्मी धक्क्यावर होत्या, हे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. कारण आम्ही कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. १४ ठिकाणांची यादी गेली, पाच ठिकाणांची आली. आणि गंमत अशी की माणूस वाढला तरी खर्च ३० हजारांतच बसला. कसा, ते सांगतो. कुणाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, मुक्काम. उपनगरात लांब राहिलं तर खोली स्वस्त पडते, पण पाच जणांचं रोजचं येणं-जाणं आणि अम्मींचे गुडघे धरले तर ती महाग पडते. आमची पाचही ठिकाणं मुंबईच्या दक्षिण टोकाला आहेत, म्हणून खोलीही सीएसएमटीच्या आसपास. तीन रात्रींऐवजी दोनच रात्री. येताना आणि जाताना रात्रीची गाडी, म्हणजे दोन रात्री रेल्वेत. फोनवर हॉटेलवाल्याला चार प्रश्न विचारले: लिफ्ट आहे का, पाच जणांना एक मोठी खोली मिळेल का, खोली किती वाजता ताब्यात मिळते आणि किती वाजता सोडायची. सकाळी सातला पोहोचून दुपारी बारापर्यंत सामानावर बसून राहिलेली कुटुंबं आम्ही पाहिली आहेत. त्यापेक्षा स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुवावं, कुलूप लावलेल्या बॅगा क्लोकरूममध्ये ठेवाव्यात आणि निघावं.

दुसरी गोष्ट, वार. राणीची बाग बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी, मंगळदास मार्केट रविवारी. म्हणून आम्ही बुधवारी रात्री निघतो. गुरुवारी बाग. सकाळी लोकलची गर्दी फोर्टकडे येणारी असते. आम्ही सीएसएमटीहून भायखळ्याला, म्हणजे उलट दिशेने जाणार. तिसरंच स्टेशन. दुपारी चारच्या आत परत. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, तिथं नुसतं बसायचं.

शुक्रवारी जुमा जामा मशिदीत. १८०२ मध्ये पूर्ण झालेल्या या मशिदीच्या पोटात जुना तलाव आहे आणि इमारत त्याच्यावर कमानींवर उभी आहे. धाकट्याला ते दाखवायचं आहे. मशीद, मंगळदास मार्केट, क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, मुसाफिरखाना, अंजुमन, सगळं एकाच पट्ट्यात. अम्मींना मध्येच थकवा आला तर खोली जवळ. खरेदीचे पैसे वेगळ्या पाकिटात, पाकीट बेगमकडे. ते संपलं की बाजार संपला.

शनिवारी सकाळी गेटवे. गोदीच्या आत आपल्यासारख्यांना जाता येत नाही. पण गेटवेवरून बंदरात छोटी फेरी मारणाऱ्या बोटी सुटतात, त्यातून नांगरलेली मोठी जहाजं दिसतात. पायऱ्यांवरून हलत्या बोटीत चढणं अम्मींना जमेल की नाही, हे तिथं गेल्यावरच कळेल. नाही जमलं तर कठड्याजवळ बसून दर्या बघायचा. दुपारच्या उन्हात संग्रहालय, ते तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. रात्री गाडी.

हाजी अली या वेळी राहिलं. कुणी जाणार असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघून घ्यावी, भरतीत तिथली वाट पाण्याखाली जाते.

तिसरी गोष्ट, मुलांच्या खिशात आमच्या दोघांचे फोन नंबर आणि हॉटेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. चुकामूक झाली तर जिथं आहोत तिथंच उभं राहायचं, शोधायला मोठ्यांनी यायचं.

काय काय सुटलं याची धाकट्याने यादी केली आहे. वॉटर पार्क, मॉल, सिनेनटांचे बंगले. तो थोडा रुसला, मग पेंग्विनवर समजूत पटली.

या आठवड्यात आरक्षण उघडलं. हल्ली ते ६० दिवस आधी उघडतं. ज्येष्ठ महिलांना शक्य असेल तर खालचा बर्थ मिळतो, पण शिल्लक असेल तरच, म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी बसलो. फॉर्ममध्ये पाच नावं भरली. पहिलं नाव अम्मींचं.

तिकीट आलं, खालचा बर्थ मिळाला, अल्हम्दुलिल्लाह. अम्मींना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं आणि विचारलं, "धक्का वोइच रहेगा क्या, बेटा?"

आम्ही खरं तेच सांगितलं. धक्का तोच दिसेल की नाही माहीत नाही, अम्मी. दर्या मात्र तोच आहे.

"बस," त्या म्हणाल्या आणि अलमारीतून नवी चादर काढायला उठल्या. गाडीला अजून ६० दिवस आहेत.