नकोशा झालेल्या कासवांचे काय करावयाचे?

सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी आमच्या समाजाच्या मनात पूर्वापार दोनच भावना वसत आल्या आहेत. एक भक्तीची आणि दुसरी भीतीची. शिवालयात शिरणारा भाविक नंदीपाठोपाठ दगडी कासवाला हात लावूनच पुढे जातो. नागपंचमीस भिंतीवर काढलेल्या नागाला लाह्या वाहिल्या जातात आणि तोच नाग दुसऱ्या दिवशी अंगणात दिसला की काठीची शोधाशोध सुरू होते. या दोन जुन्या भावनांत अलीकडे एका तिसरीची भर पडली आहे. ती म्हणजे हौस. अमेरिकेतील कासवे, दक्षिण अमेरिकेतील इग्वाना, आफ्रिकेतील अजगर असे प्राणी शहरांतील सदनिकांमध्ये काचेच्या पेट्यांतून नांदू लागले आहेत. हौस ही भक्तीइतकी टिकाऊ नसते आणि भीतीइतकी सावधही नसते. ती ओसरली म्हणजे प्राणी मागे उरतो, आणि त्याचे काय करावयाचे हा प्रश्न मालकाने शेजाऱ्याच्या, प्राणिमित्राच्या किंवा गावाच्या तळ्याच्या पदरात टाकलेला असतो.

पाणीपुरवठा, रस्ते आणि कचरा हे विषय उभे असताना कासवांसाठी पहिल्या पानावर जागा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. त्यात कायदा गुंतलेला आहे, मुलांचे आरोग्य गुंतलेले आहे, आमच्या नद्या आणि तळी गुंतलेली आहेत. आणि ज्या जिवाला आम्ही होऊन सातासमुद्रापलीकडून येथे आणले त्याच्याविषयीचे आमचे कर्तव्यही गुंतलेले आहे.

प्रथम या व्यापाराचे स्वरूप पाहू. कानामागे तांबडा पट्टा असलेले, पाण्यात राहणारे जे हिरवे कासव दुकानात सर्रास दिसते, त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. त्याचे मूळ घर मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. ज्या अमेरिकेत ते जन्मते, तेथेच १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी घालण्यात आली. लहान मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेला जंतूंची बाधा होत होती, हे त्याचे कारण. घरची बाजारपेठ आखडताच माल परदेशी निघाला. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून सुमारे ५ कोटी २० लाख कासवे बाहेर पाठविली गेली. युरोपीय संघाने १९९७ साली आपले दरवाजे त्यांना बंद केले. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींच्या सुप्रसिद्ध यादीत या कासवाचे नाव आहे. आमच्याकडे मात्र ते आजही 'लकी' म्हणून भेट दिले जाते!

विकत घेताना हे पिल्लू मोठ्या नाण्याएवढे असते. विक्रेता ते एवढेच राहील असे सुचवितो किंवा निदान त्याविषयी मौन पाळतो. वस्तुतः मादी वाढून ताटाएवढी होते आणि नीट सांभाळ झाला तर वीस-तीस वर्षे जगते. इग्वाना चार-पाच फुटांचा होतो, कधी त्याहूनही लांब. आफ्रिकी बॉल पायथन वीस वर्षे सहज काढतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला प्राणी त्या मुलाचे लग्न पाहील एवढे त्याचे आयुष्य असते. मुलगा शिक्षणासाठी परगावी जातो, कुटुंब जागा बदलते, पाण्याचा वास येऊ लागतो, आणि मग 'कोणी घेता का?' अशी विचारणा सुरू होते.

अशी विचारणा झाली म्हणजे सज्जन माणसाला नाही म्हणणे जड जाते. आमच्या मते मात्र येथे दयेला थोडे थांबवून विचाराला पुढे होऊ दिले पाहिजे. गाय, कुत्रा, मांजर यांना आमच्या घरात उरलेली भाकरी चालते आणि आमची हवा मानवते. सरपटणाऱ्या प्राण्यांचे तसे नाही. त्यांच्या देहाला स्वतःची ऊब नसते. अन्न पचण्यासाठीही त्यांना बाहेरून उष्णता मिळावी लागते. काचेमागे सूर्यकिरणांतील आवश्यक भाग अडतो, आणि तो न मिळाला तर कासवाचे कवच व इग्वानाची हाडे मऊ पडतात. म्हणून विशिष्ट दिवे हवेत, पाणी गाळण्याची व्यवस्था हवी आणि पुण्याच्या पौषातील रात्रीही पेटी उबदार राहील अशी तजवीज हवी. शिवाय हे जीव ओरडत नाहीत, कण्हत नाहीत. कुत्रे दोन दिवस उपाशी राहिले तर आळी जागी होते. अजगर किंवा कासव मात्र महिनोन्‌महिने खंगत जाते आणि घरच्यांना ते 'शांत' वाटते. ज्याचे दुःख ऐकू येत नाही त्याचा सांभाळ करणे हे सर्वांत अवघड काम होय.

तेव्हा दुसऱ्याचा नकोसा प्राणी घरात घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. हा प्राणी नेमका कोणत्या जातीचा? तो बाळगणे कायदेशीर आहे काय, आणि त्याचे कागद देणाऱ्याजवळ आहेत काय? पूर्ण वाढ झाल्यावर तो मावेल एवढी जागा आपल्याकडे आहे काय? या प्राण्यांवर उपचार करू शकणारा पशुवैद्य पोहोचण्याजोगा आहे काय? घरात पाच वर्षांखालील मूल किंवा दुर्बल प्रकृतीचे वृद्ध माणूस आहे काय? आधीची कासवे किंवा सरडे असतील, तर नव्या पाहुण्याला काही आठवडे अगदी वेगळे ठेवता येईल काय? आणि शेवटचा प्रश्न असा की, पंधरा वर्षांनी आपण कोठे असू? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर अडखळत येत असेल, तर नकार देणे हीच दया होय. केवळ कीव आली म्हणून होकार देणारा माणूस वर्षभरात स्वतःच 'कोणी घेता का?' असे विचारू लागतो आणि त्या मुक्या जिवाचे आणखी एक स्थलांतर होते.

कायद्याची बाजू तर पुष्कळांना ठाऊकच नसते. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले आपले भारतीय स्टार कासव भाग्यकारक म्हणून घरात ठेवणारी कुटुंबे आहेत. हा १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ते कासव कितीही प्रेमाने सांभाळले तरी तो गुन्हाच राहतो. परदेशी प्राण्यांचा प्रकार निराळा. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय करारान्वये संरक्षित असलेल्या परदेशी जाती तिने चौथ्या अनुसूचीत घातल्या. इग्वाना आणि अजगर त्यांत येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी सहा महिन्यांत करण्यास मालकांना सांगितले; प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला तर तेही कळविणे आवश्यक केले. दुरुस्ती योग्यच होती. मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून सामानात कोंबून आणलेले सरडे आणि साप सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती वारंवार लागत आहेत. हा चोरटा धंदा नोंदणीविना आटोक्यात येणार नाही.

परंतु कायद्याचा एक परिणाम त्याच्या कर्त्यांच्या मनात नसावा. ज्याने मुदतीत नोंदणी केली नाही, त्याला आता प्राणी जवळ ठेवण्याची भीती वाटते आणि तो अधिकाऱ्यांकडे नेऊन देण्याची त्याहून अधिक भीती वाटते. अशा मालकाला एकच वाट मोकळी दिसते. रात्रीच्या अंधारात तळ्याकाठी जावयाचे आणि पेटी उपडी करावयाची. शिक्षेच्या भयाने माणूस अशा रीतीने दुसरा आणि अधिक मोठा अपराध करून बसतो. जे लाल कानांचे कासव सर्वांत जास्त विकले जाते, ते तर या अनुसूचीच्या कचाट्यातून मोकळेच आहे. त्याला नोंदणी नाही आणि म्हणून त्याचा हिशेबही नाही.

तळ्यात सोडणे म्हणजे मुक्ती देणे, अशी एक भाबडी समजूत आहे. देवळाच्या तळ्यात कासव सोडून पुण्य जोडणारेही आहेत. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात २०१८ साली हे अमेरिकी कासव आढळले, ते काही पोहत आले नव्हते. त्याच वर्षी केरळात त्रिशूरच्या एका कालव्यातही ते सापडले. उष्ण प्रदेशातला इग्वाना आमच्या थंडीत बहुधा तग धरणार नाही. हे कासव मात्र गोठणाऱ्या हिवाळ्यातही तळाशी पडून राहते आणि वसंतात वर येते. युरोपात तेथील तळ्यांतल्या कासवांना या पाहुण्यांबरोबर ठेवून प्रयोग करण्यात आले, तेव्हा उन्हाला बसण्याच्या जागा बळकावल्या जाऊन देशी कासवांचे वजन घटले आणि त्यांतली अधिक मेली. आमच्या दख्खनच्या नद्यांत लीथचे मऊ पाठीचे कासव आहे. ते एवढे दुर्मिळ झाले आहे की २०२२ साली भारताच्या प्रस्तावावरून त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारापासून सर्वोच्च संरक्षण देण्यात आले. मैलापाण्याने गुदमरलेल्या मुळा-मुठेत या देशी जिवांना आता एक नवा प्रतिस्पर्धी द्यावयाचा काय? सोडलेला प्राणी मेला तर ती त्याची हत्या ठरते आणि तो जगला तर तळ्याची.

ही भीती कल्पित आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी अमेरिकेतील फ्लॉरिडाकडे पाहावे. पाळीव म्हणून आणलेले आशियाई अजगर तेथील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सुटले आणि फोफावले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, जेथे अजगर सर्वांत जुने आहेत तेथे रकूनसारखे प्राणी दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले आहे. त्या राज्याने अखेर शहाणपणाचा एक मार्ग धरला. २००६ पासून तेथे नकोसे परदेशी प्राणी कोणत्याही दंडावाचून परत घेण्याची योजना चालते. प्राणी शासनाकडे द्यावा, चौकशी होत नाही. ज्यांची पात्रता आधी तपासून झाली आहे अशाच घरी तो पुढे सोपविला जातो. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२० साली परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची सवलत दिली होती आणि हजारोंनी तिचा लाभ घेतला. केरळातील पीची येथील वन संशोधन संस्थेने ही अमेरिकी कासवे लोकांकडून गोळा करण्याचे काम हाती घेतले. अभय दिले तर माणसे पुढे येतात, हा त्यातला धडा आहे.

तेव्हा पुणे शहराने हे नकोसे प्राणी स्वीकारावेत काय? आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. आश्रय मिळतो हे कळले की लोक अधिक निष्काळजीपणे प्राणी विकत घेतील, असे म्हटले जाईल. नागरिकांच्या करातून श्रीमंतांच्या हौसेचा खर्च कशाला, असेही विचारले जाईल. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तथापि पर्याय कोणता, हेही आक्षेप घेणाऱ्यांनी सांगितले पाहिजे. दार बंद ठेवल्याने प्राणी नाहीसे होत नाहीत. ते पाषाणच्या किंवा कात्रजच्या तळ्याकडे वळतात, आणि तळ्यातून त्यांना परत काढण्याचा खर्च शंभरपट असतो. म्हणून शहराने दार उघडावे, पण डोळेही उघडे ठेवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान आहे. सापांविषयी जाणणारी माणसे या शहराला नवी नाहीत. महापालिका, वन खाते आणि पशुवैद्य यांनी मिळून एक स्वतंत्र स्वीकार केंद्र काढावे. ते प्राणिसंग्रहालयातील आणि उपचार केंद्रांतील देशी प्राण्यांपासून वेगळे असावे, कारण परक्या प्राण्याबरोबर परका रोगही येतो. आणून देणाऱ्यावर खटला भरू नये, मात्र प्राणी कोठून घेतला याची नोंद व्हावी. नोंदी विक्रेत्यापर्यंत पोहोचतील आणि खर्चाचा वाटा त्याच्याकडून परवाना शुल्काच्या रूपाने वसूल करता येईल. स्वीकारलेला प्राणी कधीही उघड्यावर सोडू नये, त्याचे प्रजनन करू नये आणि त्याचे प्रदर्शन मांडून नवी हौस पेटवू नये. केंद्र सरकारने दुरुस्त कायद्यातील आपला अधिकार वापरून लाल कानांच्या कासवाची आयात आणि विक्री बंद करावी. नळ चालू ठेवून जमीन पुसण्याचा उद्योग कोणत्याही महापालिकेला परवडणारा नाही.

एक कटु गोष्टही टाळता येत नाही. केंद्राची जागा मर्यादित असेल, आणि काही प्राणी असे येतील की ज्यांची हाडे वळली आहेत, ज्यांना घर मिळणार नाही. पशुवैद्याच्या निर्णयाने, कायद्याच्या चौकटीत, वेदनारहित मरण देणे हे त्यांच्याबाबतीत काही वेळा प्राप्त कर्तव्य ठरेल. आमच्या परंपरेला हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून १८३२ साली मुंबईत दंगा झाला आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या औदार्याने पांजरपोळ उभा राहिला. त्या करुणेचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु गर्दीने भरलेल्या टाकीत वर्षानुवर्षे कुजत ठेवणे याला करुणा म्हणता येत नाही. मारण्याचे पाप नको म्हणून झिजवून मारणे, यात पापाचा भार कमी होतो असे आम्हांस वाटत नाही.

ज्यांच्या घरी आज असा प्राणी आहे त्यांना आमची विनंती एवढीच की, शहराची व्यवस्था होईपर्यंत त्याला नीट सांभाळावे, जाणत्यांचा सल्ला घ्यावा आणि काही झाले तरी तळ्याची वाट धरू नये. ज्यांच्या घरी तो नाही त्यांनी दुकानाच्या काचेपुढे क्षणभर थांबून पुढील वीस वर्षांचा हिशेब मनात मांडावा. आणि महापालिकेने हा विषय विनोदाचा न मानता येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद करावी. रक्कम मोठी लागणार नाही. पण ती आज न काढल्यास उद्या नद्यांना जी किंमत मोजावी लागेल, ती कोणत्याही अंदाजपत्रकात मावणार नाही.