गोळीबारातला सलाम

नातवाचा 'मेटल स्लग' पाहून मी आधी नाक मुरडलं. पळायचं आणि गोळ्या झाडायच्या, यात काय आहे? मग शेजारी बसून पाहिला. १९९६ साली जपानच्या नाझ्का कंपनीने केलेला हा खेळ. चित्रं ठिपक्या-ठिपक्यांनी हाताने काढलेली. शत्रूचे शिपाई गप्पा मारत बसतात, आपल्याला पाहून किंचाळत पळतात. दाढी वाढलेला कैदी सोडवला की भेट देऊन सलाम ठोकतो. आपण मेलो की मात्र सोडवलेल्यांची गणती पुन्हा शून्यावर! एसएनके ही प्रकाशक कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी २०२४ मध्येही नवा भाग आला. माझ्या मते मालिका बंदुकांमुळे नव्हे, या माणसांमुळे टिकली.

असो. मुलांना ओरडण्याआधी पाच मिनिटं शेजारी बसावं, एवढंच.