मानपत्रात काय लिहावं?

तालुक्यातल्या डॉक्टरांचा सेवापूर्ती समारंभ ठरलेल्या चालीनंच होतो. मांडव, माइकची खरखर, शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र. त्यात ‘गोरगरिबांचे कैवारी’, ‘अहोरात्र सेवा’ आणि हमखास ‘देवमाणूस’. नाव बदललं तर तेच मानपत्र निवृत्त मुख्याध्यापकांनाही खपून जाईल. (टीव्हीवरच्या त्याच नावाच्या मालिकेतला डॉक्टर खुनी निघाल्यापासून हा शब्द तसाही जपूनच वापरलेला बरा.)

डॉक्टरांनी नेमकं काय केलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

सांगण्यासारखं किती असू शकतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे पाहून कळतं. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. लाल विंचू चावलेली माणसं केंद्रात यायची, तीही बरेचदा मांत्रिकाकडून. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब चढलेला. मग फुप्फुसात पाणी साचून तोंडाला फेस. दंशाच्या वेदनेवर इंजेक्शन देऊन भागत नव्हतं, कारण माणूस दगावत होता तो हृदयावर आलेल्या ताणानं. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, सगळं टिपत गेले. धोक्याची ही लक्षणं त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी इथं उपयोगी पडते, हा त्यांचा आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचा अनुभव त्याच नियतकालिकात १९८६ साली आला. विषानं आवळलेल्या रक्तवाहिन्या या गोळीनं सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. गंभीर दंशाच्या रुग्णांत शंभरातले तीसएक दगावत, ते प्रमाण या उपचारानं अगदी नगण्य झालं. सरकारनं २०२२ साली त्यांना पद्मश्री दिली. तोवर ती गोळी खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत कधीच रुळली होती.

मानपत्रात न बसणारी एक गोष्टही त्यांच्या खात्यावर आहे. रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल एका केंद्राकडून त्यांच्या नावे बाराशे रुपयांचा धनादेश आला. एरवी असला कागद मुकाट्यानं बँकेत जातो. बावस्करांनी तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलपुढे नेला आणि ‘कट प्रॅक्टिस’वर उघड लिहिलं. व्यवसायातल्या मंडळींना हे रुचणं अवघडच होतं. समारंभात असा प्रसंग वगळायची आपल्याकडे रीत आहे. खरं तर मानपत्राची सुरुवातच त्यानं व्हावी.

मेळघाटातल्या बैरागडच्या डॉ. स्मिता आणि डॉ. रवींद्र कोल्हे यांची हकीकत अनेकदा छापून आली आहे. त्यांचं साधं घर पाहून मंत्र्यांनी चांगलं घर बांधून देऊ केलं, तेव्हा स्मिताताईंनी त्याऐवजी रस्ते मागितले. डॉक्टरांचा सत्कार त्यांच्याच मनाजोगा करायचा तर असं काहीतरी पदरात पाडून घ्यावं लागतं.

शासकीय डॉक्टरांच्या बाबतीत तर संधी आयतीच असते. निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते, तरी खुर्ची रिकामी झाल्यावर महिनोन्‌महिने भरली जात नाही आणि गाव पुन्हा जीप करून तालुक्याला धावतं. समारंभाला जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे पदाधिकारी व्यासपीठावर आणून बसवलेलेच असतात. आभारप्रदर्शनाआधी आशाताईंपैकी कुणीतरी माइक घ्यावा आणि नवे डॉक्टर कुठल्या तारखेला रुजू होणार, ते सगळ्यांदेखत विचारावं.