कातळ 'पोटखराबा' कुणी ठरवला?

सकाळी केळीची पिल्लं काढत होतो, तेवढ्यात राजापूरकडच्या बागायतदार मित्राचा फोन. सड्यावर कलमं लावायचीत, सुरुंगवाला ठरलाय, आणि झाडलोट करताना कातळावर माशाची आकृती निघाली. म्हणाला, "कुणाला बोलू नको. कळलं तर जमीन गेलीच समज."

त्याची भीती खोटी नाही. पण केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीची १०० मीटरची बंदी बांधकामाला आहे, आणि प्रत्येक कोरीव आकृती काही आपोआप स्मारक होत नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नाही. सुरुंगाचा दर मात्र घरी येऊन सांगितला.

माझा राग आहे तो सातबाऱ्यावरच्या 'पोटखराबा' या शब्दावर, आणि तो वाचून सल्ला देणाऱ्या आपल्या कृषी तज्ज्ञांवर. अहो, जांभा पाऊस पितो, म्हणून सड्याखालच्या झऱ्यांना पाणी असतं. त्याच जांभ्यावर कशेळीला जवळपास १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलाय, त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. कोकणातल्या या चित्रांत गेंडा आहे, पाणघोडासुद्धा आहे! आज कोकणात आहेत का हे प्राणी? इथलं जुनं हवामान कसं होतं, याची ही नोंदवही आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत महाराष्ट्रातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं एक गेलं. बाकीची चिरेखाणीच्या, रस्त्याच्या नाहीतर कलमाच्या खड्ड्यात जायची वाट बघतायत.

सांडोरात बसून मला काय त्याचं? आमच्याकडे बावखलांचं हेच झालं. डासांचा खड्डा, बिनकामाची जागा म्हणत भराव टाकले. मग विहिरी खारट व्हायला लागल्यावर बावखल काय करत होतं ते कळलं. पानवेल गेली ती गेलीच.

मालकाला फुकट राखण करायला लावू नका. कलमाचं उत्पन्न सोडायचं तर सरकारनं वर्षाला भाडं द्यावं, तिकिटात वाटा द्यावा. उक्षीत गावकऱ्यांनी हत्ती सांभाळला, त्याला आपण शाबासकी देतो. शाबासकीवर घर चालतं का?

मित्राला एवढंच सांगितलं: सुरुंगवाल्याला आठ दिवस थांबव. संध्याकाळी ऊन तिरपं असताना सगळा कातळ झाडून बघ, रेघा तेव्हाच उठून दिसतात. फोटो काढ, बाजूला माप ठेव. पाच गुंठे सोडून कलमं लाव की बाबा, कोण नको म्हणतंय.

थांबतो म्हणालाय. शनिवारी मी जातोय, झाडू घेऊन.