बर्फावरची शेकोटी

गेल्या जानेवारीत मी एका तळ्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो होतो आणि माझ्यासमोर शेकोटी पेटलेली होती. वाचकहो, माझ्या प्रकृतीविषयी शंका घेऊ नका. वीस वर्षे मराठी शिकवले की माणसाला रूपकातून बोलण्याची खोड लागते हे खरे. पण हे रूपक नव्हे. खुर्ची खरी होती, शेकोटी खरी होती आणि तळेही खरेच होते. फक्त ते वरून चौदा इंच गोठलेले होते.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात असतो. या राज्याला दहा हजार तळ्यांचा प्रदेश म्हणतात. अमेरिकन माणूस आकडा फुगवून सांगतो अशी आपली समजूत. इथे मात्र उलटा प्रकार आहे. दहा एकर किंवा त्याहून मोठी तळीच तिथे ११,८४२ भरतात. भाऊ बारा वर्षे म्हणत होता, ‘दादा, एकदा उन्हाळ्यात ये, तळी बघ.’ पण आमचा उन्हाळा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली जातो, आणि विमानाचे तिकीट स्वस्त मिळते ते थंडीत. तेव्हा साठवलेली रजा काढून मी कोल्हापूरहून निघालो आणि ऐन जानेवारीत तिथे जाऊन थडकलो. पारा शून्याखाली पंधरा अंश.

दुसऱ्याच रविवारी बर्फावर मासे धरायला जायचे ठरले. भावाच्या शेजारी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात. त्यांचे आजोबा नॉर्वेहून येऊन इथे स्थायिक झाले. माझा दहा वर्षांचा पुतण्या त्यांना सरळ ‘आजोबा’ म्हणतो आणि तेही त्या हाकेला ओ देतात. आम्हांला तेच नेणार होते. मला एका दिवसाचा मासेमारीचा परवाना काढावा लागला आणि त्यानंतर, आदल्या रात्री, पुतण्याने माझी तोंडी परीक्षा घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घेतल्या, त्याचे हे उट्टे असावे.

‘काका, चालत जायचं तर बर्फ किती इंच हवा?’

‘एक फूट?’ मी धोरणाने जास्तच सांगितले.

‘चार इंच. आणि लहान मोटार न्यायची तर?’

मोटार तळ्यावर कशाला न्यायची, हा माझा प्रश्न त्याने अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला. नऊ ते दहा इंच, हे उत्तर. तेही नव्या, स्वच्छ, निळसर बर्फाचे. बर्फ पांढरा, दुधाळ असेल तर त्याची ताकद निम्मी धरायची आणि जाडी दुप्पट मागायची. आणि सगळ्यांत वरचा नियम असा की, पूर्ण भरवशाचा बर्फ जगात नसतो. हे सगळे त्या राज्याच्या निसर्गसंपदा खात्याने सांगून ठेवले आहे आणि पोराने ते आपल्याकडच्या मुलांनी पाढे पाठ करावेत तसे पाठ केले आहे. उन्हाळ्यात एका माणसाने एकच गळ टाकायचा, बर्फात मात्र दोन चालतात. बर्फावर माणसावाचून उभे ठेवायचे खोपटे असेल तर त्यावर मालकाची ओळख हवी. राज्याच्या दक्षिण भागात मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत आणि उत्तरेला तिसऱ्या सोमवारपर्यंत ती खोपटी उचलायची. मी मेटाकुटीला आलो. म्हटले, ‘बाळा, आणि थंडी वाजली तर शेकोटी करायची की तिलाही नियम आहे?’

‘आहे ना!’ तो म्हणाला.

मला हसू आवरेना. बर्फावर शेकोटी पेटवायची ही मुळातच वेडेपणाची गोष्ट, आणि तिला नियम! आपल्याकडे हुरड्याच्या दिवसांत शेताच्या बांधावर आगटी पेटते, ती काय कोणाला विचारून? पण पोरगा गंभीर होता. तीन फुटांहून रुंद नको, तीन फुटांहून उंच नको आणि भोवती पाच फुटांत पेट घेईल असे काही नको. एवढे पाळले की ती शेकोटी. त्यापुढे गेली की तिला परवाना लागतो. रंगवलेले किंवा औषध चोपडलेले लाकूड, रबर, प्लॅस्टिक यांतले काही जाळायचे नाही. हे झाले राज्याचे. शिवाय गावोगावचे आणि उद्यानांचे आणखी निराळे. बर्फावर शेकोटी नकोच असे सरसकट कोणी म्हटलेले नाही, पण कशीही करा असेही म्हटलेले नाही.

सकाळी तळ्यावर गेलो. पहिली शंभर पावले मी देवाचे नाव घेत टाकली. आजोबांनी एक भले मोठे गिरमिट काढले, बर्फाला आठ इंच रुंदीचे भोक पाडले आणि आपल्या झाऱ्यासारख्याच एका झाऱ्याने त्यातला बर्फाचा चुरा काढून टाकला. खाली काळेभोर पाणी हलत होते. पाणी सर्वांत जड असते ते चार अंशांना. त्याहून गार झाले की हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. म्हणून बर्फाचे झाकण घेऊन तळे खाली जिवंत राहते आणि मासे मजेत असतात. हे शास्त्र मी शाळेत शिकलो होतो. पण त्यावर खुर्ची टाकून बसण्याचा प्रसंग येईल असे गुरुजींनी सांगितले नव्हते.

तासाभरात माझी बोटे माझी राहिली नाहीत. मी शेकोटीचा विषय काढला आणि त्या दिवशीचे माझे अपराध तिथून सुरू झाले.

पहिला अपराध जळणाचा. भावाच्या घरामागे मोडक्या खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या, त्या मी मोठ्या दूरदृष्टीने मोटारीत टाकून आणल्या होत्या. आजोबांनी एक फळी उलटी करून खिळा दाखवला आणि फळ्या परत मोटारीत ठेवल्या. लाकूड जळून जाते, खिळे बर्फावर उरतात. मागून येणाऱ्या मोटारीच्या चाकात घुसतात, नाहीतर वसंतात तळाला जातात आणि उन्हाळ्यात कोणाच्या तरी तळपायाची वाट पाहत पडून राहतात.

दुसरा अपराध जागेचा. मी पायांनी थोडे भुसभुशीत बर्फ बाजूला सारून तिथेच लाकडे रचायला बसलो. आजोबांनी हसून मला उठवले आणि पायांचे एक लोखंडी घमेले आणून ठेवले. थेट आपली शेगडीच. भाऊ इंजिनियर असल्यामुळे त्याला संधी मिळाली. म्हणाला, ‘दादा, आगीनं बर्फाला एकदम भगदाड पडेल असं तुला वाटत असेल, पण तसं होत नाही. बहुतेक उष्णता वर जाते. शिवाय बर्फ वितळवणं सोपं नाही. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत एक किलो गार पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापतं. शेकोटीखाली फक्त एक खळगा होतो, त्यात पाणी साठतं आणि तुझी शेकोटी त्यात बुडून विझते.’

म्हणजे भीती होती ती शेकोटीने आम्हांला बुडवण्याची नव्हे, आम्हीच शेकोटीला बुडवण्याची! पण खळगा झाला की तेवढी जागा पातळ आणि ओबडधोबड होते. काळी राख आणि कोळसे तिथे राहिले तर ऊन शोषतात आणि सभोवतालच्या बर्फाच्या आधी ती जागा कच्ची होते. आज आपण शेकून घरी जातो. पुढे कच्च्या बर्फावर पाय पडतो तो दुसऱ्याचा.

शेगडी छान पेटली. पुतण्याने बटाटे भाजले. मी तिखटमिठाची पुडी काढली तेव्हा आजोबांनीही हात पुढे केला. मग वारा सुटला आणि मला तिसरी कल्पना सुचली: निखारे घेऊन तंबूत बसावे. या वेळी पुतण्याच ओरडला, ‘काका, नाही!’ बंद जागेत कोळसे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो पुन्हा उठत नाही. दहा वर्षांच्या पोराने माझ्या बाहीला धरून मला तंबूच्या दारातून मागे ओढले. तेव्हा मात्र मला हसू आले नाही.

इथपर्यंत सगळे ठीक होते. अजाण पाहुणा म्हणून खपून गेले असते. संध्याकाळी सामान आवरताना मला वाटले, आपण दिवसभर नुसते बसून होतो, थोडी मदत करावी. बाकीचे तंबू उतरवत होते. शेगडी विझली होती. मी ती उचलली, मघाच्या भोकापाशी नेली आणि राख त्यात ओतली. निम्मी भोकात गेली, निम्मी सभोवती सांडली. हात जोडायचेच काय ते बाकी होते. खरे सांगतो, त्या क्षणी मला आपण काही चुकीचे करतो आहोत असे पुसटसेही वाटले नाही. उलट, राख पाण्यात सोडणे हे स्वच्छतेचे आणि थोडेसे पुण्याचेही काम आहे, असेच माझ्या हातांना ठाऊक होते. देवाची फुले पाण्यात, घट पाण्यात, अस्थीही पाण्यात. हात आपल्या सवयीने चालले.

आजोबा ओरडले नाहीत. ते आले आणि भोकापाशी गुडघे टेकून बसले. झाऱ्याने पाण्यावर तरंगणारे कोळसे एकेक करून काढू लागले. मग फावडीने सभोवतालचा काळवंडलेला बर्फ खरवडून झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरला. राख घरी नेण्यासाठी ती बादली त्यांनी सकाळपासून बरोबर ठेवलीच होती. मला दिसली नव्हती, एवढेच. पुतण्या त्यांच्याशेजारी बसला. सत्तरीचा म्हातारा आणि दहा वर्षांचा पोर गुडघ्यांवर, आणि मी मधे उभा.

सगळे भरून झाल्यावर ते उठले, गुडघे झाडले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, ‘माझी नातवंडं उन्हाळ्यात इथंच पोहतात.’

एवढेच. पुढचे भावाने सांगितले. राखेत फॉस्फरस असतो. शेतात तो खत, तळ्यात तो शेवाळाचे खाद्य. एका शेगडीने तळे हिरवे होत नाही, पण एकेका तळ्यावर हिवाळ्यात माणसांची वस्तीच्या वस्ती उतरते, आणि प्रत्येकाची आपली शेगडी. २०२३ पासून त्या राज्यात बर्फावर कचरा टाकला तर शंभर डॉलर दंडाचा कायदा झाला आहे. मूठभर राख त्या कायद्यात बसते की नाही याचा कीस वकिलांनी काढावा. आजोबांनी तो काढला नाही. तिथे बघायला शिपाईही नव्हता.

मोटारीत बसल्यावर मला त्या साऱ्या नियमांचा अन्वय लागला. ते आगीचे नियम नव्हतेच. ते उसन्या जमिनीचे नियम होते. तीन-चार महिने तळे आपली पाठ माणसांना उसनी देते. त्यावर चाला, मोटारी न्या, घरे मांडा, शेकोट्या पेटवा. पण मार्च-एप्रिलमध्ये ती जमीन परत करायची असते, आणि बर्फावर जे ठेवाल ते त्या दिवशी पाण्यात जमा होते. खोपटी उचलायची तारीख, खिळ्यांची फळी, पायांचे घमेले, झाकणाची बादली, ही सगळी त्या परतफेडीची तयारी होती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. पुतण्या मागे झोपला होता. मग भाऊ म्हणाला, ‘दादा, आठवतं? तू मला रंकाळ्यात पोहायला शिकवलंस. पाठीला डबा बांधून.’

‘आठवतं की. रडत होतास.’

‘तुझी मुलं कुठं शिकली रे?’

त्याने ते टोचून विचारले नव्हते. सहज विचारले होते. मी म्हणालो, ‘टाकीत.’ क्लोरीनच्या वासाच्या, तासाला पैसे मोजून मिळणाऱ्या टाकीत. रंकाळा घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. पण पाण्याला वास यायला लागला, जलपर्णी पसरली, पाणी हिरवे पडले. मुलांना तिथे उतरवावे असे माझ्या मनातच आले नाही. गटारांनी तळे नासवले असे मी आजवर सर्वांना सांगत आलो आणि ते खोटे नाही. पण कॉलेजला जाताना वाटेत थांबून आईने दिलेले निर्माल्य मी किती वर्षे पाण्यात सोडत होतो, हे त्या यादीत मी कधी घातले नव्हते.

‘टाकीत,’ मी पुन्हा म्हणालो. भावाने नुसती मान हलवली आणि मोटार हळू केली. रस्त्यावर बर्फ होता.

परवा नवरात्र उठले. सौभाग्यवतींनी घटाची माती, फुले आणि धूपदानीतली राख पिशवीत भरून नेहमीप्रमाणे माझ्या हातात दिली. ‘जाताजाता रंकाळ्यात सोडा,’ म्हणाल्या. मी पिशवी घेऊन परसात गेलो आणि फावड्याने पारिजातकाच्या बुंध्याशी खड्डा खणू लागलो. त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘लोक अमेरिकेहून काय काय घेऊन येतात. तुम्ही हे शिकून आलात होय?’

मी उत्तर दिले नाही. खड्डा बुजवायला गुडघे टेकावे लागतात, आणि त्या वयाचा मी आता झालो आहे.