गोळी मोफत, पण वाट?

सीपीआरच्या एआरटी केंद्रातून एचआयव्हीबाधितांना मिळणारी औषधाची बाटली दिसायला अगदी साधी असते. रोज एक गोळी, तिच्यात तीन औषधे : टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. रुग्णाला एक पैसा पडत नाही. ही गोळी रोज घेतली तर विषाणू रक्तात सापडेनासा होतो आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मात्र अशा तिहेरी उपचाराचा अमेरिकेतील खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. तेव्हा आपल्याकडे एचआयव्हीचे निदान म्हणजे मरणाची चिठ्ठीच मानली जाई.

हा फरक कोणाच्या दयेने पडलेला नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर मक्तेदारी नाकारली; पेटंट फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. त्यामुळेच मुंबईची सिप्ला वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांची तीन औषधे एका गोळीत आणू शकली. फेब्रुवारी २००१ मध्ये युसुफ हमीद यांनी हा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी. आफ्रिकेतल्या लाखो माणसांना पुढे भारतीय गोळ्यांनी जगवले. गंमत अशी की, त्या जिथे बनत होत्या त्या देशातच सरकारी मोफत उपचार सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडावे लागले. तेही अवघ्या आठ रुग्णालयांत, मुंबईचे जे. जे. त्यांपैकी एक.

२००५ मध्ये कायदा बदलला, औषधांवर पेटंट आले. तरी जुन्याच औषधाला थोडा मुलामा देऊन नवे पेटंट मागण्याची वाट कलम ३(ड)ने अडवली. पुढे २००९ मध्ये टेनोफोव्हिरचे पेटंट अर्ज फेटाळले गेले. हरकत घेणाऱ्यांत एचआयव्हीबाधितांची संघटनाही होती. सीपीआरमधल्या आजच्या बाटलीत त्या भांडणाचाही वाटा आहे.

किमतीची लढाई बऱ्याच अंशी जिंकली गेली. आता अडते ते केंद्र आणि घर यांच्या मधल्या वाटेवर. एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्हीबाधितांना भाडे माफ आहे. पण शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या गाडीत, गावातली चार माणसे शेजारी बसलेली असताना, ते ओळखपत्र कंडक्टरपुढे कोण धरणार? तिकिटाचे पैसे मोजून गप्प बसणे सोपे. सवलत द्यायची तर कार्डावर आजाराचे नाव कशाला हवे, हा प्रश्न कोणालाच पडलेला दिसत नाही.

ऊसतोड मजुरांची अडचण आणखी वेगळी. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात उतरतात आणि चार-पाच महिने फडातच राहतात. बाधिताची नोंद मात्र गावाकडच्या केंद्रात. बाहेरगावी असलेल्या रुग्णाला दुसऱ्या केंद्रातून गोळ्या देण्याची सोय आहे. पण त्यासाठी कोल्हापूर गाठायचे म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे मुकादमाचा दंड. शिवाय कुठे चाललो हे त्याला सांगायचे काय? मग दोन दिवस गोळी चुकते, नंतर पंधरा. अशा खंडामुळे विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो आणि उपचार पुढच्या, महागड्या औषधांवर जातो.

साठ्याचे प्रश्नही आहेतच. २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे बाधितांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयात महिनाभराहून अधिक काळ ठिय्या दिला होता. साठा काठावर असला की केंद्रे महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या देतात आणि रोजंदारीवरच्या माणसाच्या फेऱ्या चौपट होतात.

प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात. स्थलांतर करणाऱ्यांच्या बाबतीत हा नियमच करावा आणि हंगामाआधी बीड व कोल्हापूरच्या केंद्रांनी आपसात नोंदी जुळवून घ्याव्यात. साखर कारखान्यांच्या तळांवर आरोग्य पथके जातातच. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर, कोणाला कळू न देता, ही बाटलीही त्यांच्याकडून देता येईल. त्यासाठी नवे औषध, नवा कायदा काही लागत नाही. लागतो तो जिल्हा प्रशासन, कारखाने आणि आरोग्य विभाग यांचा एकत्र निर्णय, आणि तो धुराडी पेटण्याआधी व्हायला हवा.